भिंतीवरचा मजकूर : इजिप्तची चित्रलिपी आणि आधुनिक वास्तुकला

प्राचीन इजिप्तच्या मंदिरांत मजकूर आणि बांधकाम यांची आखणी एकत्रच होत असे. दारावरच्या आडव्या शिळेवरील लेख पुष्कळदा मधोमध सुरू होऊन दोन्ही बाजूंना जाई, आणि त्यातले पक्षी, साप व माणसे मध्याकडे तोंड करून परस्परांसमोर येत. दक्षिण इजिप्तमधल्या फिले बेटावर इ.स. 394 मध्ये कोरलेला लेख हा या चित्रलिपीतला तारीख असलेला शेवटचा ज्ञात लेख. त्यानंतर काही काळातच ती वाचणारे कोणी उरले नाही.

आधुनिक वास्तुकलेशी तिचा संबंध इजिप्तवरील 1798 च्या फ्रेंच मोहिमेनंतर आला. मोहिमेतील विद्वानांनी तयार केलेली चित्रे 1809 पासून छापली जाऊ लागली, लिपीचा उलगडा मात्र 1822 मध्ये झाला. युरोपातील वास्तुरचनाकारांना ही चिन्हे अर्थाच्या आधी आकार म्हणून मिळाली, हा या सगळ्या इतिहासातला सर्वांत दूरगामी योगायोग म्हणावा लागेल. लंडनच्या पिकॅडिलीत 1812 मध्ये उभ्या राहिलेल्या ‘इजिप्शियन हॉल’च्या दर्शनी भागावर ती निव्वळ नक्षी म्हणून आली. लंडनच्या सिडनहॅम भागातील क्रिस्टल पॅलेस या काच-लोखंडाच्या प्रदर्शन-वास्तूमध्ये 1854 साली उभारलेल्या इजिप्शियन दालनात मात्र राणी व्हिक्टोरियाच्या नावाने चित्रलिपीत नवा लेख रचला गेला. वाचता येईल असा मजकूर नव्या इमारतीसाठी मुद्दाम तयार करण्याचे हे महत्त्वाचे उदाहरण. ती वास्तू 1936 च्या आगीत गेली.

विसाव्या शतकातील इजिप्शियन शैलीच्या लाटेचे सारे श्रेय प्राचीन इजिप्तचा राजा तुतानखामून याच्या थडग्याला देण्याची पद्धत पडली आहे. ते थडगे सापडले 4 नोव्हेंबर 1922 रोजी. पॅरिसचे ‘लुक्सोर’ चित्रपटगृह त्याआधी वर्षभर, 1921 मध्येच सुरू झाले होते आणि हॉलिवूडचे ‘इजिप्शियन थिएटर’ 18 ऑक्टोबर 1922 रोजी, म्हणजे शोधाच्या अडीच आठवडे आधी उघडले. थडग्याच्या बातम्यांनी या लाटेला जोर दिला, हे खरेच. लंडनच्या कॅमडनमधला 1928 चा सिगारेट कारखाना त्याची साक्ष देतो. तरीही लाटेचा आरंभ तिथे मानला, तर त्याआधीच्या शंभराहून अधिक वर्षांचे छापील चित्रसंग्रह, संग्रहालये आणि भर चौकांत उभे केलेले ओबेलिस्क (इजिप्तचे उंच, निमुळते दगडी स्तंभ) यांनी घडवलेली नजर हिशेबातून सुटते. पॅरिसला ओबेलिस्क 1836 मध्ये उभा राहिला, लंडनला 1878 मध्ये आणि न्यूयॉर्कला 1881 मध्ये. तिन्ही शहरांतल्या लोकांना अस्सल कोरीव लेख येता-जाता दिसत होते.

याच वादात शिकागोच्या क्लार्क स्ट्रीटवरील, 1922 मध्ये पूर्ण झालेले गोदाम विचारात घ्यायला हवे, आणि ते नेहमी मागे राहते. घरसामान हलवणाऱ्या व साठवणाऱ्या दोन भावांची ही इमारत. दाराच्या दोन्ही अंगांना प्राचीन इजिप्तचा राजा दुसरा रामसेस याचे पुतळे आहेत, रंगीत टेराकोटावर चित्रलिपी आहे आणि तिला अर्थ आहे : ‘तुमच्या सामानाला माझे संरक्षण आहे’ अशा आशयाचे वचन तिथे लिहिलेले आहे. खजिन्याची वा राजाची भाषा न वापरता धंद्याचा शब्द ग्राहकाला त्या लिपीत देणे, हा निर्णय मला त्या काळातल्या कितीतरी भव्य चित्रपटगृहांच्या सजावटीपेक्षा मोलाचा वाटतो, कारण त्यात लिपीला तिचे मूळ काम परत मिळाले. रस्त्यावरून जाणाऱ्या बहुतेकांना ते वाचता येणार नव्हते, तरी मजकूर नीट रचण्याचे कष्ट घेतले गेले.

खुद्द इजिप्तमध्ये अलीकडे दोन वेगळ्या वाटा दिसतात. अलेक्झांड्रियाच्या 2002 मध्ये खुल्या झालेल्या ग्रंथालयाच्या आस्वानी ग्रॅनाइटच्या भिंतीवर सुमारे 120 लिप्यांतील चिन्हे कोरलेली आहेत. तिथे अनेक लिप्यांच्या मेळ्याला महत्त्व आहे. गिझाच्या नव्या महासंग्रहालयाच्या प्रांगणात मात्र एका लेखासाठीच रचना झाली आहे. दुसऱ्या रामसेसचा ओबेलिस्क तिथे खांबांवर उचलून धरला आहे, खाली काच बसवली आहे, आणि त्या मोकळ्या जागेत उभे राहून वर पाहिले की तळाच्या पृष्ठावर कोरलेली, आजवर दगडाखाली झाकली गेलेली राजाची नाममुद्रा दिसते.