ऑर्किड क्रमांक

ऑर्किड म्हणजे संशोधकाचा सोळा अंकी, कायमचा ओळख-क्रमांक. तो माणसाला मिळतो. नाव बदलले, नोकरी बदलली तरी तोच राहतो. याच नावाची ना-नफा संस्था ऑक्टोबर २०१२ पासून तो संशोधकांना विनामूल्य देते.

नमुन्यादाखल नेहमी दाखवला जाणारा क्रमांक आहे ००००-०००२-१८२५-००९७. शेवटचा ७ हा तपासणी-अंक. शून्यापासून सुरुवात करून पहिल्या पंधरांपैकी एकेक अंक मिळवायचा आणि दर वेळी आलेली बेरीज दुप्पट करायची. इथे १३१४ येतात. त्यांना ११ ने भागून बाकी ५ उरते, ती १२ मधून वजा केली की ७. टंकताना एक अंक चुकला तरी हिशेब जुळत नाही. उत्तर १० आले, तर शेवटी 'एक्स' लिहितात.

मराठी नावांना याची फार गरज आहे. 'एस. पाटील' या नावाने किती जणांचे शोधनिबंध छापले गेले असतील! आडनाव कुठे आधी, कुठे शेवटी. वडिलांचे नाव कधी असते, कधी गळते. लग्नानंतर मधले नाव आणि आडनाव दोन्ही बदलले, की लेखकांची प्रोफाइल आपोआप बनवणाऱ्या स्कोपस या शोधनिबंधांच्या सूचीत एकाच बाईंची दोन प्रोफाइल होऊ शकतात आणि उद्धरणे, म्हणजे इतरांनी निबंधांचे दिलेले संदर्भ, विभागली जातात. म्हणून छापून आलेले नावाचे प्रत्येक रूप ऑर्किडच्या 'अन्य नावे' या रकान्यात भरावे, देवनागरीतलेसुद्धा. स्कोपसमधली दोन प्रोफाइल एकत्र करण्याची विनंती मात्र तिथेच वेगळी करावी लागते.

नुसता क्रमांक काढून ठेवला तर ऑर्किडवरचे आपले पान रिकामेच राहते. निबंध पाठवताना क्रमांक हाताने न भरता ऑर्किडमध्ये लॉगिन करून जोडावा. प्रकाशकाने डीओआयच्या (निबंधाच्या कायमच्या ओळख-क्रमांकाच्या) नोंदीत तो क्रॉसरेफ या डीओआय नोंदवणाऱ्या संस्थेकडे पाठवला आणि आपण एकदा परवानगी दिली, की पुढचे निबंध आपोआप चढतात. जुने निबंध डीओआय टाकून किंवा स्कोपस-क्रॉसरेफच्या जोडणीतून आणता येतात. गूगल स्कॉलर या गूगलच्या शोधनिबंध शोधण्याच्या सेवेवर नामसाधर्म्यामुळे दुसऱ्याचे निबंध आपल्या यादीत शिरतात. तिथे आपोआप भर घालण्याऐवजी आधी ईमेलने विचारण्याचा पर्याय निवडावा.

सगळ्यात महाग पडणारी चूक ईमेलची. फक्त महाविद्यालयाच्या पत्त्यावर नोंदणी केली आणि नोकरी सुटली, की पासवर्ड बदलण्याचा दुवा बंद पेटीत जातो. मग माणूस नवा क्रमांक काढतो आणि कामाची पुन्हा दोन ठिकाणी वाटणी होते. पहिल्याच दिवशी खासगी ईमेलही जोडावा. दोन क्रमांक झालेच असतील, तर खात्याच्या सेटिंगमधून जादा क्रमांक काढता येतो; तो उघडणारा वाचक राखलेल्या क्रमांकाकडे वळवला जातो. जादा खात्यातली यादी मात्र सोबत येत नाही, ती आधीच उतरवून घ्यावी.