भिंतीवरचे हाताचे डाग पुसण्याआधी

घरातले आजी-आजोबा रोज ज्या वाटेने वावरतात, तिथल्या भिंती एकदा निरखून बघा. बाथरूमच्या चौकटीवर, कपाटाच्या कडेला, कमोडशेजारच्या टाइलवर तळहाताचे मळकट डाग सापडतील. घरात रंगकाम निघालं की आपण ते पुसून टाकतो. आम्ही घरोघरी आधाराचे दांडे बसवतो; कुठल्याही घरी गेलो की आधी तेच शोधतो. तोल सावरायला हात आपसूक जिथे जातो, तिथेच आधाराचा दांडा हवा.

‘वय झालं की माणूस पडतोच’ हे आम्हाला फार ऐकायला मिळतं आणि ते मुळीच पटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे 6,84,000 माणसं पडल्यामुळे दगावतात, आणि त्यांत साठीपुढच्यांचं प्रमाण सर्वांत जास्त असतं. घरात पडण्याचे प्रसंग बरेचसे टाळता येतात, म्हणून हे पत्रक.

सुरुवात बाथरूमपासून करा. तिथे टॉवेलचा दांडा असतो आणि उठताना सगळे त्यालाच धरतात. तो दोन बारीक स्क्रूंवर टांगलेला असतो, ओल्या टॉवेलचं वजन पेलण्यापुरता. माणसाचा भार आला की स्क्रूसकट हातात येतो. बेसिनचाही आधार घेऊ नये. खरा आधाराचा दांडा सव्वा ते दीड इंच जाडीचा असतो, म्हणजे मूठ त्याच्याभोवती पूर्ण वळते. भिंत आणि दांडा यांत साधारण दीड इंच जागा ठेवतात. त्याहून खूप जास्त ठेवली तर हात घसरून आत अडकू शकतो.

दांड्याइतकीच भिंत महत्त्वाची. पक्क्या विटांच्या भिंतीत काम सोपं असतं. नव्या इमारतींत बऱ्याचदा हलके सिमेंट ब्लॉक असतात. त्यांत साधा प्लग काही महिन्यांत सैल होतो. तिथे केमिकल अँकर, म्हणजे भोकात चिकट रसायन भरून पक्का केलेला बोल्ट लागतो, आणि तो पूर्ण सुकेपर्यंत दांड्याला हात लावायचा नाही. बसवून झाल्यावर आमचा माणूस त्यावर स्वतःचा भार टाकून बघतो. हवेच्या दाबाने चिकटणारे दांडे आम्ही विकत नाही. कुणी मागितले तरी नाही. ते कधी सुटतील हे सांगता येत नाही.

जमिनीचं म्हणाल, तर चकचकीत टाइलवर पाणी, साबण आणि तेल एकत्र आलं की पाय टिकत नाही. दिवाळीत घरातले सगळे एकामागून एक तेल-उटणं लावून आंघोळीला जातात आणि आजींचा नंबर शेवटी लागला, तर तोवर फरशीवर तेलाचा थर बसलेला असतो. वडीलधाऱ्यांना पहिल्यांदा आंघोळ घाला, मागाहून फरशी गरम पाणी आणि साबणाने घासून घ्या. टाइल बदलणारच असाल तर दुकानात ‘आर’ क्रमांक विचारा. आर-9 पेक्षा आर-10, त्याहून आर-11 ची पकड जास्त.

बाथरूमचं दार आत उघडणारं असेल तर माणूस दारामागे पडल्यावर ते ढकलता येत नाही. आमच्या मते हा बदल दांड्याइतकाच तातडीचा आहे. दार बाहेर उघडेल असं करून घ्या, कडी बाहेरून उघडता येईल अशी लावा.

रात्री लघवीला उठताना धोका मोठा असतो. झोपेतून एकदम उभं राहिलं की रक्तदाब खाली येऊन डोळ्यांपुढे अंधारी येते. आधी मिनिटभर काठावर बसायचं, पाय हलवायचे, मग उठायचं. पलंग ते संडास या वाटेवर रात्रभर बारीक दिवा असू द्या. झोपेच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या सुरू झाल्यापासून तोल जात असेल तर डॉक्टरांना सांगा. गोळ्या मनाने बंद करू नका.

जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा हवा आणि तो शेवटच्या पायरीच्या थोडा पुढे यायला हवा, कारण शेवटची पायरी संपली असं वाटून पाय टाकताना माणसं कोसळतात. पायऱ्यांच्या कडेला उठून दिसणारी पट्टी लावा. जुन्या वाड्यातले उभे लाकडी जिने सुधारण्यापेक्षा वडीलधाऱ्यांची खोली खाली आणणं बरं.

काही गोष्टींना आमची गरजच नाही. सरकणारं पायपुसणं काढून टाका, झिजलेली स्लिपर फेकून द्या, वायरी भिंतीलगत घ्या. रोजचे डबे माळ्यावरून खाली आणा, म्हणजे स्टुलावर चढायला नको.

आणि कुणी पडलंच, तर घाईने ओढून उभं करू नका. कुठे दुखतंय ते विचारा. मांडीच्या सांध्यात कळ असेल किंवा एक पाय आखूड, बाहेर वळलेला दिसत असेल तर अजिबात हलवू नका, 108 ला फोन करा.

आम्ही मोजमापाला येऊ तेव्हा ज्यांच्यासाठी हे काम आहे ते घरी असायला हवेत. त्यांना कमोडवर बसवून, उठवून, हात कुठे जातो ते पाहून, त्यांना विचारूनच आम्ही भिंतीला ड्रिल लावतो. तोवर ते डाग पुसू नका.