गोल पृथ्वी, सपाट कागद: नकाशा प्रक्षेपणाची पार्श्वभूमी

जगाच्या नकाशात ग्रीनलंड आफ्रिकेएवढे का दिसते, हा प्रश्न आज राजकीय झाला आहे. त्याचे मूळ मात्र भूमितीत आहे. गोलाचा पृष्ठभाग ताणल्याशिवाय किंवा फाडल्याशिवाय सपाट होत नाही. गणितज्ञ कार्ल फ्रीड्रिश गाउस यांनी १८२७ मध्ये मांडलेल्या वक्रतेच्या सिद्धान्ताने यावर शिक्कामोर्तबच केले. क्षेत्रफळ राखले तर आकार बिघडतो, आकार राखला तर क्षेत्रफळ. म्हणून प्रत्येक प्रक्षेपणात, म्हणजे गोल पृष्ठभाग सपाट कागदावर उतरवण्याच्या प्रत्येक पद्धतीत, कशावर पाणी सोडायचे, हे आधी ठरवावे लागते.

दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात टॉलेमीने अक्षवृत्ते आणि रेखावृत्ते कागदावर उतरवण्याच्या रीती लिहून ठेवल्या होत्या. पण पुढे महासागर ओलांडणाऱ्या खलाशांची गरज वेगळी होती. होकायंत्राची एकच दिशा धरून जहाज हाकले, तर तो मार्ग नकाशावर सरळ रेषेत यायला हवा होता. नकाशाकार गेरार्डस मर्केटरने १५६९ मध्ये ड्युइसबुर्ग येथे अठरा कागदांचा नकाशा काढला तो यासाठीच. नौकानयनासाठी, असे नकाशाच्या नावातच म्हटले आहे.

त्याची युक्ती समजून घेण्यासारखी आहे. विषुववृत्तावर एक अंश रेखांश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. ६० अंश अक्षांशावर तो जेमतेम ५५ किलोमीटर उरतो. मर्केटरने सगळी रेखावृत्ते समांतर काढली, म्हणजे तिथे पूर्व-पश्चिम अंतर दुप्पट ताणले गेले. कोन बिघडू नये म्हणून त्याने उत्तर-दक्षिण अंतरही तितकेच ताणले. परिणामी ६० अंशांवरचा प्रदेश चौपट मोठा दिसतो, आणि ध्रुव तर कागदावर मावतच नाहीत. हे ताण नेमके किती द्यायचे, याची कोष्टके इंग्लंडच्या एडवर्ड राइटने १५९९ मध्ये छापली. त्यानंतरच ही पद्धत खऱ्या अर्थाने खलाशांच्या हाती आली.

माझ्या मते दोष मर्केटरचा नाही. जहाजावरचे हे हत्यार वर्गाच्या भिंतीवर टांगले गेले, तिथे घोळ झाला. आफ्रिका ग्रीनलंडच्या सुमारे चौदापट मोठी आहे. पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी मात्र दोन्ही जवळपास सारखेच पाहिले. पर्याय नव्हते असेही नाही. योहान लाम्बर्टने १७७२ मध्येच क्षेत्रफळ राखणारी प्रक्षेपणे दिली होती. जेम्स गॉलने १८५५ मध्ये मांडलेली तशीच एक रचना आर्नो पीटर्सने १९७३ मध्ये, मर्केटरच्या नकाशात विषुववृत्ताजवळचे देश उगाच छोटे दिसतात हा न्यायाचा प्रश्न असल्याचे सांगत, पुढे आणली. तिच्यात खंडांची क्षेत्रफळे बरोबर येतात, पण विषुववृत्ताजवळचे देश उभे ओढल्यासारखे दिसतात. त्यामुळे नकाशाकारांनी तिच्यावर कडाडून टीका केली. तरी पीटर्सने विचारलेला प्रश्न रास्तच होता.

संगणकाच्या पडद्यावर मर्केटर पुन्हा परतला, तोही सकारण. गल्लीचा काटकोन काटकोनच दिसतो, उत्तर कायम वरच राहते आणि नकाशाचे चौकोनी तुकडे पाडणे सोपे जाते. त्यासाठी नकाशा सुमारे ८५ अंशांवर कापला जातो. रस्ता शोधायला हे उत्तमच आहे, पण देशांची तुलना करायला नाही.

तुलनेसाठी क्षेत्रफळही राखणारे आणि डोळ्यांना फार न खटकणारे ‘इक्वल अर्थ’ (Equal Earth) हे प्रक्षेपण २०१८ मध्ये तयार झाले. मर्केटरऐवजी आफ्रिकेचे खरे आकारमान दाखवणारे असे नकाशे वापरावेत, या मोहिमेला ऑगस्ट २०२५ मध्ये आफ्रिकन युनियनने पाठिंबा दिला.