घरचे कपाट आणि गाडीतले कपाट: वजन पेलणे वेगळे, धक्का पेलणे वेगळे

महाराष्ट्र शासनाने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले आणि गाडीचे घर करण्याची हौस बाळगणारे लोक खान्देशातही बोलू लागले. टेम्पो ट्रॅव्हलरसारखी गाडी घ्यायची, आतल्या सीट काढायच्या आणि आपल्या नेहमीच्या मिस्त्रीला बोलावून कपाटे, ओटा, बिछान्याखालचे खण बनवून घ्यायचे, असा सगळ्यांचा ढोबळ बेत असतो. मिस्त्री हुशार असतो आणि त्याने घरचे किचन उत्तम केलेले असते. त्यामुळे गाडीतले कपाट म्हणजे घरचेच कपाट, फक्त मापाने लहान, हा समज पक्का होतो. हा समज मुळातच चुकीचा आहे आणि तो इतक्या वेळा कानावर पडतो की त्याबद्दल एकदा सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते.

घरच्या कपाटाबद्दल फार सांगण्याची गरज नाही. ते जमिनीवर उभे असते, भिंतीला टेकलेले असते, आणि त्यातल्या सगळ्या वस्तूंचा भार एकाच दिशेने, सरळ खाली जातो. तेलाचा 15 किलोचा डबा खालच्या कप्प्यात ठेवला की कपाट उलट अधिक स्थिर होते. म्हणूनच आपल्याकडे 18 मिलिमीटरचा प्लाय, दोन्ही बाजूंनी सनमायका आणि हाताला जड लागणारा दरवाजा ही चांगल्या कामाची लक्षणे मानली जातात, आणि घरापुरती ती बरोबरही आहेत.

गाडीत मात्र वजनाची भूमिका उलटते, आणि लोक फसतात ते नेमके इथेच. उभ्या गाडीत कपाटाचा भार खालीच असतो, परंतु ब्रेक दाबला की तोच भार पुढे ढकलतो, वळणावर बाजूला ओढतो आणि खड्ड्यातून चाक वर आले की क्षणभर वरच्या दिशेनेही उसळतो. घरात जे वजन कपाटाला जागेवर धरून ठेवते, तेच वजन गाडीत कपाटाला जागेवरून उपटण्याचे काम करते. हिशेब अवघड नाही. ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी 20 मीटरांत थांबवली, तर तिच्यातली प्रत्येक वस्तू आपल्या वजनाच्या सुमारे 70 टक्के इतक्या जोराने पुढे रेटली जाते. कपाट 25 किलोचे आणि आतले सामान 35 किलोचे असेल, तर मिळून 40 किलोंहून अधिक रेटा येतो, आणि ही फक्त जोरात ब्रेक मारण्याची गोष्ट झाली. ताशी 50 किलोमीटर वेगाची गाडी कशावर तरी आदळून पाऊण मीटरात थांबली, तर हाच रेटा वजनाच्या सुमारे 13 पट होतो. 20 किलोचा सुटलेला खण तेव्हा 260 किलोंच्या जोराने पुढच्या सीटच्या पाठीवर येतो, आणि त्या सीटवर आपल्याच घरचे माणूस बसलेले असते.

हे एकदा ध्यानात घेतले की ‘जाड म्हणजे मजबूत’ हा नियम गाडीत का चालत नाही, ते आपोआप उमगते. 8 बाय 4 फुटांचा 18 मिलिमीटरचा प्लाय साधारण 35 किलो भरतो आणि 12 मिलिमीटरचा साधारण 23 किलो. एका गाडीला आठ शीट लागले, तर एवढ्या एकाच निर्णयाने जवळपास 100 किलोंचा फरक पडतो. वर 1 मिलिमीटरच्या सनमायकाचे एका बाजूला सुमारे 4 किलो, म्हणजे दोन्ही बाजूंचे 8 किलो, प्रत्येक शीटमागे वाढतात. हे सगळे वजन गाडीच्या नोंदणी पुस्तकातल्या एकूण वजनाच्या मर्यादेत बसवावे लागते. पण मला त्याहून महत्त्वाचे हे वाटते की ते प्रत्येक ब्रेकला कपाटाच्याच सांध्यांवर येऊन आदळते. जाड प्लायने सांधा मजबूत होत नाही, सांध्यावरचा मार वाढतो.

दुकानात सर्रास ऐकू येणारा सल्ला म्हणजे ‘710 घ्या आणि निश्चिंत राहा’. आयएस 710 हे मरीन प्लायचे मानक आहे. त्याच्या गोंदाची परीक्षा 72 तास उकळत्या पाण्यात घेतली जाते, आणि गाडीतल्या ओट्याखाली, जिथे पाणी सांडते तिथे, तो प्लाय मी स्वतः निवडेन. परंतु ती परीक्षा पाण्याची आहे, धक्क्याची नाही. 710 चा शिक्का असलेल्या प्लायच्या कडेत स्क्रू मारला, तर तो थरांच्या मधूनच जातो आणि सततच्या हादऱ्यांनी तिथे फट पडते. कोणत्याही प्लायची कड स्क्रू धरण्याच्या बाबतीत दुबळीच असते. म्हणून गाडीतल्या कपाटाच्या आतल्या कोपऱ्यांत सागाची किंवा दुसऱ्या एखाद्या पक्क्या लाकडाची रीप गोंदाने चिकटवून, दोन्ही फळ्यांच्या पृष्ठभागातून त्या रिपेत स्क्रू मारावेत. स्क्रूने फक्त गोंद वाळेपर्यंत फळ्या धरून ठेवायच्या, नंतरचा भार गोंदाच्या रुंद पट्ट्याने पेलायचा. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाचे तंतू किंवा चुरा गोंदात दाबून केलेल्या फळ्या, हे दोन्ही गाडीत आणूच नयेत, असे माझे ठाम मत आहे. एमडीएफ प्लायहूनही जड असतो, आणि दोघेही एकदा पाणी प्यायले किंवा एकदा स्क्रूचे भोक ढिले झाले की पुन्हा सुधारत नाहीत.

कपाट आतून कितीही घट्ट असले तरी ते गाडीला कसे बांधले आहे, यावर सगळे अवलंबून असते. घरात टांगलेल्या कपाटासाठी भिंतीत भोक पाडून रावळ (स्क्रू धरणारी गुल्ली) ठोकले की काम होते, कारण मागे वीट आणि काँक्रीट असते. गाडीच्या पत्र्याची जाडी मात्र मिलिमीटरभरही नसते. शीट मेटलच्या 4.2 मिलिमीटर स्क्रूच्या दोन आट्यांमधले अंतर 1.4 मिलिमीटर असते. याचा अर्थ पत्र्यात त्या स्क्रूचा एक पूर्ण आटासुद्धा बसत नाही. गाडी उभी असताना तो स्क्रू करकचून आवळल्यासारखा वाटतो, मिस्त्री कपाट हलवून दाखवतो आणि ‘काही व्हत नही, भाऊ’ म्हणून पुढच्या कामाला लागतो. चाळीसगावहून कन्नड घाट चढून उतरला की त्याच स्क्रूभोवतीचे भोक लांबट होऊ लागते.

यावरचा उपाय सोपा आहे आणि महागही नाही. कपाटाचा तळ गाडीच्या फरशीतून आरपार जाणाऱ्या 8 मिलिमीटरच्या बोल्टांनी बांधावा. खालच्या बाजूला 40 मिलिमीटर चौरस आणि 3 मिलिमीटर जाड लोखंडी पट्टी घालून त्यावर नायलॉक नट (आत नायलॉनचे कडे असलेला, हादऱ्याने सहज ढिला न होणारा नट) आवळावा, म्हणजे ओढ पत्र्याच्या एका बिंदूवर न येता पट्टीभर पसरते. भोक पाडण्यापूर्वी गाडीखाली जाऊन डिझेलची टाकी, ब्रेकची नळी आणि वायरिंग कुठून गेले आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे, आणि भोकाच्या कडांना गंजरोधक प्रायमर लावून सीलंट भरावा. वरची मागची कड बॉडीच्या पिलरला, म्हणजे उभ्या खांबाला, किंवा छताच्या आडव्या पट्टीला बांधावी, कधीही नुसत्या पत्र्याला नाही. पिलरमागे हात पोहोचत नसेल तर 6 मिलिमीटरचा रिव्हेट नट (एकाच बाजूने बसवता येणारा नट) बसवावा. वरचा हा आधार अनेकांना अनावश्यक वाटतो, पण उंच आणि अरुंद कपाट वळणावर मधल्या वाटेकडे कलायला बघते, आणि तेव्हा तळाचे बोल्ट एकटे पुरत नाहीत.

यासाठी माझा आग्रह असा की काम एकट्या सुताराकडे देऊ नये. ट्रक आणि टेम्पोची बॉडी बांधणारे कारागीर आपल्याकडे धुळ्यापासून भुसावळपर्यंत आहेत. कोणता पिलर भार घेतो आणि कोणती पट्टी नुसती आवरण आहे, हे त्यांना पाहताक्षणी कळते. आधी त्यांच्याकडून बांधण्याच्या जागा तयार करून घ्याव्यात, मग सुताराला बोलवावे. दोघे एकाच दिवशी गाडीजवळ उभे राहून बोलले, तर अर्धे प्रश्न तिथेच सुटतात.

मापाच्या बाबतीतही घरची सवय आड येते. लेव्हल आणि ओळंबा ही सुताराची हक्काची साधने, पण अंगणात उभी असलेली गाडी स्वतःच कललेली असते आणि तिच्या भिंती खालून वर आत झुकलेल्या असतात. गाडीत माप फरशीवरून घ्यावे, गुण्या फरशीवर ठेवावा आणि भिंतीचा बाक पुठ्ठ्यावर कापून त्याचा खाका प्लायवर उतरवावा. कपाट आणि भिंत यांच्यात 3–4 मिलिमीटरची फट मुद्दाम सोडून तिच्यात रबराची पट्टी भरावी. गाडीचे अंग रस्त्यावर किंचित पिळले जाते. घरच्यासारखे घट्ट बसवलेले कपाट त्या पिळाला वाव देत नाही, आधी कुरकुरते आणि नंतर तडकते.

दरवाजे आणि ड्रॉवर यांच्याबद्दल मला विशेष सांगायचे आहे, कारण दरवाजा मिटणे आणि दरवाजा मिटलेला राहणे या दोन गोष्टी लोक एकच समजतात. घरच्या किचनमधली ऑटो हिंज दरवाजा हळुवार मिटवते. पण मिटल्यावर तो धरून ठेवण्याचे तिचे काम नाही, तिथे नुसती स्प्रिंग असते. मॅग्नेट कॅचचेही तेच. मॅग्नेट कॅच लावलेले गाडीतले कपाट पाहिले की मला ते काम अर्धवट सोडल्यासारखे वाटते, मग वरचा सनमायका कितीही देखणा असो. आतून दरवाज्यावर टेकलेल्या डब्यांनी वळणावर रेटा दिला की चुंबक सुटतो, आणि शेंगदाण्याची चटणी, बिबडे, कळण्याचे पीठ सगळे फरशीवर येते. गाडीत यांत्रिक अटकाव हवा: दाबून उघडणारे पुश लॉक असेल तर उत्तम, नाही तर साधी कडीसुद्धा चालेल. पैसे कमी असतील तर सगळ्या दरवाज्यांना साध्या कड्या लावाव्यात, पण मॅग्नेट लावू नये. बिजागरी म्हणून मला लांबच लांब पियानो बिजागरी आवडते, कारण तिचा भार दोन ठिकाणी न येता पूर्ण कडेवर वाटला जातो. ड्रॉवरच्या टेलिस्कोपिक चॅनलवरही हाच नियम लागू होतो. चॅनल जितका गुळगुळीत, तितका तो ड्रॉवर वळणावर सहज बाहेर येणार, म्हणून कुलूप असलेला चॅनल घ्यावा किंवा ड्रॉवरच्या तोंडावर पुश लॉक बसवावे. उघड्या कप्प्यांना निदान 5 सेंटिमीटर उंचीचा कठडा असावा.

आपल्या प्रदेशापुरती एक बाब वेगळी आहे, ती उन्हाची. मे महिन्यात जळगाव–भुसावळला पारा 44–45 अंशांवर जातो आणि काचा बंद करून उन्हात ठेवलेली गाडी आतून त्याहून कितीतरी तापते. एज बँड (प्लायच्या कडेवरची पट्टी) चिकटवण्याचा गरम गोंद आणि सनमायकाचे रबरी चिकट द्रव्य त्या तापमानात मऊ पडते, कडा सुटतात आणि पट्ट्या लोंबू लागतात. घराच्या आतल्या भिंतीला असे ऊन कधी लागत नाही, म्हणून मिस्त्रीला हा अनुभव नसतो. कडांना सागाची पातळ पट्टी लावून पॉलिश करणे किंवा पॉलियुरेथेन गोंद वापरणे मला योग्य वाटते. सांध्यांसाठीही पांढऱ्या गोंदापेक्षा पॉलियुरेथेन बरा, कारण पांढरा गोंद उष्णतेने नरम होतो.

सामान कुठे ठेवावे, हे बहुतेकांना ठाऊक असते: जड वस्तू खाली, दोन्ही चाकांच्या जोड्यांच्या मध्ये आणि डाव्या–उजव्या बाजूंना सारख्या. 100 लिटर पाण्याची टाकी म्हणजे 100 किलो, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. वरच्या कपाटांत फक्त कपडे, पांघरुणे आणि पापडांचे डबे असावेत. गॅस सिलिंडरचा खण मात्र वेगळाच हवा. एलपीजी हवेपेक्षा जड असल्यामुळे गळती झाली तर तो वायू खाली साचतो. म्हणून त्या खणाला तळाशी गाडीबाहेर उघडणारे भोक असावे, खण गाडीच्या आतल्या भागापासून बंदिस्त असावा आणि सिलिंडर पट्ट्याने आवळलेले असावे. घरात ओट्याखाली मोकळा सिलिंडर ठेवण्याची सवय गाडीत आणणे धोक्याचे आहे. आणखी एक गोष्ट कामाला हात घालण्याआधीच करावी. मोटार वाहन अधिनियम 1988 च्या कलम 52 नुसार गाडीतल्या बदलांवर बंधने आहेत, तेव्हा सीट काढण्यापूर्वी आरटीओमध्ये चौकशी करावी.

सगळे बसवून झाल्यावर कपाटे भरलेली ठेवून गाडी गावाबाहेरच्या खडबडीत रस्त्यावर न्यावी, मोकळी जागा पाहून दोन–तीनदा जोरात ब्रेक मारावा, आणि परत आल्यावर प्रत्येक बोल्टला पाना लावून पाहावा. मग नट आणि पट्टी यांच्यावरून रंगाची एक सरळ रेघ ओढून ठेवावी. पुढे कधीही गाडीखाली वाकून पाहिले आणि ती रेघ तुटलेली दिसली, तर नट फिरला आहे असे समजून तो बदलून नवा नायलॉक नट घालावा, जुनाच पुन्हा आवळू नये.