मीटर सारखा 7 च दाखवतोय? आधी इलेक्ट्रोड तपासा

न्यूट्रलायझेशन टँकवरचा पीएच मीटर दिवसभर 7 वर ठाम असला की सगळ्यांना बरं वाटतं, मला मात्र असा न हलणारा आकडा बघितला की आधी शंकाच येते. कारण इलेक्ट्रोडच्या (म्हणजे द्रावणात बुडणाऱ्या प्रोबच्या) टोकाला असलेल्या काचेच्या बल्बला बारीक तडा गेला की बल्बच्या आत-बाहेर एकच द्रावण होतं, व्होल्टेज शून्याजवळ येतं आणि शून्य मिलिव्होल्ट म्हणजे मीटरच्या लेखी साधारण 7. म्हणजे इलेक्ट्रोड गेलेला आणि आकडा अगदी हवा तसा! खात्री करायची तर प्रोब काढून 4 च्या बफरमध्ये (पीएच आधीच माहीत असलेल्या द्रावणात) बुडवा, तिथेही 7 च्या आसपासच राहिला तर समजून जा.

बल्बची काच ही साधी काच नाही. भिजली की तिच्यावर जेलसारखा अगदी पातळ थर तयार होतो, हायड्रोजन आयनांची देवाणघेवाण तिथेच होते आणि त्यातून 25 अंश सेल्सिअसला एका पीएचमागे जेमतेम 59 मिलिव्होल्ट मिळतात, सगळा खेळ तेवढ्यावरच. म्हणून प्रोब कोरडा ठेवायचा नाही आणि कृपा करून डिस्टिल्ड वॉटरमध्येही ठेवू नका (हे फार जण करतात), त्यात आतलं पोटॅशियम क्लोराइड हळूहळू बाहेर झिरपत राहतं. टोपीत 3 मोलरचं पोटॅशियम क्लोराइड भरून ठेवा. बल्ब टिश्यूने घासू पण नका, नुसतं टिपून घ्या.

पण प्लांटमध्ये काचेपेक्षा जास्त डोकेदुखी असते ती जंक्शनची. प्रोबच्या आतलं रेफरन्सचं (तुलनेसाठीचं) द्रावण बाहेरच्या द्रावणाला जिथे भेटतं तो सच्छिद्र भाग चोंदला की रीडिंग हळूहळू सरकत जातं, बफर बदलला तरी स्थिर व्हायला बराच वेळ लागतो, आणि लोक तेवढ्यात कॅलिब्रेशन (मीटर बफरशी जुळवून घेणं) उरकून मोकळे होतात! आधी साफ करा मग कॅलिब्रेट करा. क्षारांचा थर असेल तर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल, तेलकटपणा असेल तर डिटर्जंट, प्रथिनं चिकटली असतील तर आम्लात पेप्सिन, आणि सल्फाइडमुळे जंक्शन काळं पडलं असेल तर आम्लातला थायोयुरिया, नंतर नीट धुऊन थोडा वेळ पोटॅशियम क्लोराइडमध्ये राहू द्या.

कॅलिब्रेशनला ताजा बफर घ्या. 10 चा बफर उघडा राहिला की हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून त्याचा पीएच खाली येतो, वापरलेला परत बाटलीत तर कधीच ओतू नका. स्लोप (एका पीएचमागे मिळणारं व्होल्टेज, त्या 59 मिलिव्होल्टच्या तुलनेत) 95 टक्क्यांच्या वर असेल तर उत्तम, साफ करूनही 85 च्या खाली राहिला तर प्रोब बदला. आणि मीटरमधलं टेम्परेचर कॉम्पेन्सेशन (तापमानानुसार दुरुस्ती) फक्त इलेक्ट्रोडचा स्लोप सुधारतं हं, गरम झाल्यावर द्रावणाचा स्वतःचा पीएच बदलतो त्याचं ते काही करत नाही.

एवढं करून, नवा प्रोब लावूनही मीटर 7 लाच चिकटला तर कनेक्टर उघडून बघा. काचेचा रोध 10 कोटी ओहमच्या घरात असतो, त्यामुळे कनेक्टरमधल्या जराशा ओलीनेही सिग्नल शॉर्ट होऊन व्होल्टेज शून्याकडे येतं, मग प्रोब चांगला असूनही मीटर परत 7 च दाखवतो.