प्रकाशाने गाठ जाळायची, तर औषधाने आधी तिथे पोहोचायला हवे

म्युनिकमध्ये १९०० च्या सुमारास ऑस्कर राब या विद्यार्थ्याच्या लक्षात आले की, अ‍ॅक्रिडीन या रंगद्रव्याच्या द्रावणात ठेवलेले पॅरामेशियम हे एकपेशीय जीव अंधारात बराच काळ जगतात, उजेडात मात्र लवकर मरतात. औषध आणि प्रकाश यांच्या जोडीने कर्करोगाच्या पेशी मारणाऱ्या फोटोडायनॅमिक उपचाराचे मूळ या निरीक्षणात आहे. औषधाचा रेणू प्रकाश शोषतो आणि ती ऊर्जा शेजारच्या ऑक्सिजनला देतो. असा उत्तेजित झालेला ऑक्सिजन पेशीचे आवरण आणि प्रथिने मोडून टाकतो. तो इतका अल्पजीवी असतो की पेशीच्या आतही फार दूर जाऊ शकत नाही. म्हणून औषध जिथे असेल आणि प्रकाश जिथे पडेल, तिथेच इजा होते.

हा नेमकेपणा मोहक आहे, पण औषध नेमक्या जागी थांबत नाही. कॅनडात १९९३ मध्ये मान्यता मिळालेले फोटोफ्रिन हे अशा उपचाराचे औषध त्वचेतही साठून राहते, त्यामुळे रुग्णाला किमान महिनाभर ऊन टाळावे लागते. मुंबईत ज्याचा दिवस फुटपाथवर किंवा बांधकामावर जातो, त्याच्यासाठी ही अट म्हणजे महिन्याची मजुरी बुडणे होय.

इथे नॅनोकणांचा, म्हणजे औषध वाहून नेणाऱ्या अतिसूक्ष्म कणांचा, उपयोग सुरू होतो. अशी अनेक औषधे पाण्यात नीट विरघळत नाहीत, त्यांच्या गुठळ्या होतात आणि गुठळी झालेले औषध प्रकाश पडूनही फारसे काम करत नाही. मेदाच्या सूक्ष्म पिशवीत, म्हणजे लायपोसोममध्ये, ते विखुरलेले राहते. गाठीतील रक्तवाहिन्यांच्या भिंती सच्छिद्र असल्याने मोठे रेणू तिथे झिरपून साचतात, हे जपानमधील मात्सुमुरा आणि माएदा यांनी १९८६ मध्ये दाखवले. नॅनोकणही तसेच साचतील, अशा मोठ्या आशा त्यावर पुढे बांधल्या गेल्या. मात्र आधीच्या दहा वर्षांतील प्राण्यांवरील प्रयोगांचा २०१६ मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा टोचलेल्या कणांपैकी गाठीत पोहोचणाऱ्यांचे मध्यक प्रमाण केवळ ०.७ टक्के निघाले. नॅनोऔषधांविषयीच्या प्रत्येक उत्साही बातमीशेजारी हा आकडा छापला जावा, असे मला मनापासून वाटते.

उरलेल्या कणांचे काय होते, हा प्रश्न म्हणूनच मोलाचा ठरतो, आणि पवईच्या आयआयटी मुंबई व खारघरचे कर्करोग संशोधन केंद्र अ‍ॅक्ट्रेक येथील संशोधकांनी तो गांभीर्याने हाताळला. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कामात लायपोसोमवर सोन्याचा मुलामा दिलेले कण वापरले होते. इथे ऑक्सिजनऐवजी उष्णता काम करते: ७५० नॅनोमीटर तरंगलांबीचा लेसर सोने शोषून घेते, तापते आणि पेशी मरतात. उंदरांमधील गाठी या उपचाराने पूर्ण नष्ट झाल्या. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते हे की, हे कण यकृताच्या पेशींमध्ये विघटित होऊन पित्त आणि मूत्रपिंड या मार्गांनी शरीराबाहेर गेले. सोने वर्षानुवर्षे यकृतात साचून राहण्याची भीती असेल, तर असा उपचार माणसापर्यंत नेणे अवघड असते.

तरंगलांबीची ही निवड विचारपूर्वक केलेली आहे. साधारण ६५० ते ९०० नॅनोमीटरच्या पट्ट्यात रक्त आणि पाणी प्रकाश कमी शोषतात, त्यामुळे तो ऊतीत अधिक खोल शिरतो. तरीही ती खोली मिलिमीटरांत किंवा फार तर एक-दोन सेंटिमीटरांत मोजावी लागते. तंबाखूमुळे आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर आढळणारा तोंडाचा कर्करोग या दृष्टीने विशेष लक्ष देण्याजोगा आहे, कारण गाल आणि जीभ यांवर थेट प्रकाश टाकता येतो. उथळ, लवकर सापडलेल्या गाठीसाठी ही आशा खरी आहे. जबड्याच्या हाडात शिरलेल्या किंवा मानेतील लसिकाग्रंथींत पसरलेल्या रोगापर्यंत हा प्रकाश पुरेसा पोहोचत नाही, आणि तिथे शस्त्रक्रिया व रेडिएशन हेच आजचे मुख्य उपचार आहेत.