पलित व केशरंजन : सोलापूर परिसर

केसांचा नैसर्गिक रंग जाऊन ते करडे वा पांढरे होणे म्हणजे पलित. भारतीयांत पंचविशीच्या आत केस पिकू लागल्यास त्यास सामान्यतः अकाली पलित म्हणतात. केसाच्या मुळाशी असलेल्या रंजकपेशींचा राखीव साठा संपला की त्या मुळातून पुढे पांढराच केस उगवतो. आनुवंशिकता हे प्रमुख कारण. ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव, अवटू (थायरॉइड) ग्रंथीचे विकार व धूम्रपान यांचाही संबंध आढळतो. उणीव भरून निघाल्यावर काहींचा रंग परततो. वयोमानाने गेलेला रंग मात्र कोणतेही तेल परत आणत नाही.

सुश्रुतसंहितेत पलिताची गणना क्षुद्ररोगांत (किरकोळ रोगांत) आहे. क्रोध, शोक व श्रम यांनी वाढलेली शरीरोष्मा पित्तासह मस्तकात जाऊन केस पिकवते, अशी तेथील उपपत्ती. तीव्र ताणाने रंजकपेशींचा साठा संपतो असे २०२० मध्ये उंदरांवरील संशोधनात दिसले. दोन्हींची सांगड घालण्याचा मोह होतो, पण त्यामागील शरीरविचार वेगवेगळे असल्याने तो टाळणेच बरे. चरकसंहितेतील पलितावरचे महानील तेल त्रिमर्मीय (मस्तक, हृदय व बस्ती या तीन मर्मांच्या) चिकित्सेच्या अध्यायात येते. चिकित्सास्थानातील, म्हणजे उपचारांच्या विभागातील, कोणते अध्याय चरकाचे व कोणते ग्रंथाचा अपुरा भाग पूर्ण करणाऱ्या दृढबलाने भर घातलेले, याविषयी मुद्रित प्रतींच्या अध्यायक्रमानुसार मतभेद आहेत. तथापि टीकाकार चक्रपाणीची गणना घ्या वा प्रचलित क्रम, हा अध्याय दृढबलाकडेच जातो. त्यामुळे ही कृती उपलब्ध स्वरूपात इ.स.च्या चौथ्या-पाचव्या शतकाच्या सुमाराची मानणे अधिक सयुक्तिक ठरते. तिच्यात बेहड्याचे तेल, माका व लोहचूर्ण आहे. तेल नस्य (नाकात घालणे), पान (पिणे) व अभ्यंग (चोळणे) या तिन्हींसाठी सांगितले असले, तरी यातील लोहाचे काम बव्हंशी रंगवण्याचे असावे.

मेंदीचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. संहितांमधील मदयंतिका ही वनस्पती म्हणजे मेंदी, असे एक मत. काहींच्या मते ती मोगऱ्याच्या वर्गातील वेल. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेतील प. कृ. गोडे यांनी मेंदीच्या इतिहासाची साधने जमवली आहेत. केवळ नावावरून वनस्पती ठरवणे धोक्याचे असल्याने केस रंगवण्यासाठी मेंदीचा वापर भारतात नेमका केव्हा रूढ झाला, हे संहितांच्या आधारे सांगू नये.

सोलापुरी घरांत मेंदीत आवळा पूड घालून मिश्रण लोखंडी कढईत रात्रभर भिजवतात. सकाळी कढईच्या कडेला लागलेला थर काळाकुट्ट झालेला असतो. आवळ्यातील टॅनिन व लोखंड यांच्या संयोगाने हा काळा रंग येतो. हिरडा व लोहक्षार यांनी सूत काळे करण्याची जुनी रीतही याच तत्त्वावर चाले. चादरी-टॉवेलांच्या या शहरात सूतरंगाईचे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे, आणि केशरंजन समजण्यास त्याचा चांगला उपयोग होतो. मेंदीतील लॉसोन हे रंगद्रव्य प्रथिनाला चिकटते. म्हणून केस, लोकर व रेशीम तिने चांगले रंगतात, सूत फिके राहते. निळीचे तसे नाही. ती पाण्यात विरघळत नाही. पानातील विरघळणाऱ्या पूर्वद्रव्यातून सुटलेला, अजून निळा न झालेला अंश तंतूत शिरतो व हवा लागल्यावर तेथेच निळा होऊन अडकतो. म्हणूनच मेंदी धुऊन काढल्यावर निळीच्या पानांच्या पुडीचा लेप लावला की केस प्रथम हिरवट दिसतात आणि एक-दोन दिवसांत गडद होतात. निळीसारख्याच तत्त्वावर चालणाऱ्या व्हॅट रंगांत बुडवलेले सूत बाहेर काढल्यावर हवेत रंग बदलते, हे शहराच्या पूर्व भागातील रंगकामगारांना ठाऊकच असते.

पांढरे केस न रंगवता ठेवणाऱ्यांना येथील पाण्याचा त्रास अधिक. नळाला काही दिवसांआड पाणी येत असल्याने अनेक घरे बोअरवर अवलंबून असतात, आणि काळ्या पाषाणातील हे पाणी बहुधा जड असते. क्षारांचा थर बसून केस राठ होतात. पाण्यात लोह असल्यास पिवळी झाकही येते. कडक उन्हाने ती वाढते. शेवटचा तांब्या साठवलेल्या नळाच्या पाण्याचा घ्यावा, त्यात थोडे लिंबू पिळावे. उन्हात पदर, रुमाल वा टोपी हवीच. शिकेकाईने मळ निघतो, पण पांढऱ्या केसांवर तपकिरी छटा राहू शकते. एक पांढरा केस उपटल्याने शेजारी आणखी उगवतात हा समज निराधार आहे; वारंवार उपटल्याने मूळ मात्र दुखावते.

केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे डाय केलेल्यांच्या भांगात दोन-तीन आठवड्यांत पांढरी रेघ उमटते आणि डाय पुन्हा लावला जातो. बहुतेक काळ्या डायमध्ये, तसेच ‘काळी मेंदी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच पुड्यांत पॅराफेनिलीनडायअमीन हे रसायन असते. नैसर्गिक मेंदीचा रंग तांबूस-नारिंगी येतो. काही मिनिटांत काळाभोर रंग देणारी पूड निव्वळ मेंदी नव्हे. पॅराफेनिलीनडायअमीनची अ‍ॅलर्जी पूर्वी त्रास न झालेल्यांनाही उद्भवू शकते. कपाळ, कान व पापण्या सुजणे ही तिची लक्षणे. प्रत्येक वेळी कानामागे थेंबभर लावून ४८ तास पाहावे, खाज वा लाली आल्यास वापर थांबवून त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावे. हे द्रव्य पोटात गेल्यास घसा सुजून श्वास कोंडतो व मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. म्हणून डायची पाकिटे मुलांच्या हाती लागणार नाहीत अशी, कुलपातच ठेवावीत.